बोअरची लांबी आणि थराची खोली

मागच्या भागात बोअरमध्ये केबलने सोडलेल्या उपकरणाच्या गॅमा आणि घनता या दोन आलेखांवरून कोळसा कसा ओळखतात ते पाहिले. गॅमा खाली उतरतो, घनता वालुकाश्मातल्या २.३ च्या आसपासहून एकदम १.४ पर्यंत घसरते, आणि थर हाती लागतो. पण तो किती खोलीवर लागला? वणी तालुक्यात राजूर, उकणी, कोलारपिंपरीच्या पट्ट्यात कोळसा शोधताना आलेखावर आधी चढतो तो केबलच्या लांबीचा आकडा. बोअर सरळ खाली गेली असेल तर लांबी हीच खोली. कलली असेल तर नाही. म्हणून दोन बोअरचे आलेख शेजारी लावून थर जुळवायचे असतील, तर सॉफ्टवेअरमध्ये ते खऱ्या उभ्या खोलीवर, आणि तेही समुद्रसपाटीच्या संदर्भाने काढले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कोळशाच्या बोअर सरळच घेतात, मग हा खटाटोप कशाला? सरळ घ्यायच्या ठरवतात हे खरे, पण कठीण आणि मऊ खडकांच्या सीमेवर रॉड वाट सोडतात. ३०० मीटरची बोअर सुरुवातीपासून ५ अंश कलली तर खोलीत फरक पडतो जेमतेम १.१ मीटरचा. १० अंश कलली तर तो ४.६ मीटर होतो, आणि तळ ५२ मीटर बाजूला सरकतो. थराचा उतार दहास एक असेल आणि बोअर उताराच्याच दिशेने कलली असेल, तर त्या ५२ मीटरमुळे थर आणखी ५ मीटर खाली भेटतो. हा कोळसा ज्यांत सापडतो त्या गोंडवाना खडकांत भ्रंश मुबलक, त्यामुळे शेजारच्या बोअरपेक्षा थर साडेनऊ मीटर खाली दिसला की नकाशावर भ्रंशाची रेघ ओढण्याचा मोह होतो. त्या रेघेवर खाणीचा आराखडा बदलतो. प्रत्यक्षात खडक तुटलेलाच नसतो.

समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात हा खटाटोप कशाला, असा प्रश्न कुणी विचारणार नाही. तिथे एकाच प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी चारी दिशांना तिरक्या जातात. ६० अंश कललेल्या टप्प्यात १००० मीटर खोदले तरी खोली वाढते ५०० मीटरच, आणि १० मीटर जाडीचा आडवा थर आलेखावर २० मीटरचा भासतो. ठरावीक अंतरावर लांबी, कल आणि दिशा मोजतात. त्यावरून सॉफ्टवेअर विहिरीचा वक्र मार्ग बांधते आणि आलेखाच्या प्रत्येक बिंदूला त्याची खोली देते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. थर कललेला असेल तर उभ्या खोलीवरची जाडी ही त्याची खरी जाडी नसते, आणि आडव्या विहिरीत तर सगळा आलेख एका रेषेत गोळा होतो. दोन्ही मान्य. जाडीसाठी थराचा उतार वेगळा हिशेबात घ्यावाच लागतो, आडवा टप्पा लांबीवरच वाचावा लागतो. केसिंग, कोअर, रॉड यांचा हिशेबही लांबीचाच, म्हणून लांबीची मूळ मोजणी कधी पुसू नये. मात्र थर जुळवताना तिच्यावर विसंबू नये.

खरा धोका वेगळाच आहे. कलाची मोजणी भरलेलीच नसेल, तर बरीच सॉफ्टवेअर बोअर सरळ धरतात आणि खऱ्या खोलीच्या शीर्षकाखाली केबलचीच लांबी छापतात. त्यामुळे छेद काढण्याआधी प्रत्येक बोअरच्या तळाची लांबी आणि जमिनीपासूनची उभी खोली हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ते दशांशापर्यंत एकसारखे निघाले, तर कलाची मोजणी झाली होती का, हे आधी विचारावे.