अनाथ जगं कुणी सांभाळली?

ताम्हिणीहून एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. पुण्याची काही मुलं दर पावसाळ्यात तिथल्या एका घरी मुक्काम टाकून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवत खेळायच्या खेळातलं ‘डार्क सन’ खेळतात. बाहेर घाटातला पाऊस आणि टेबलावर ‘डार्क सन’मधलं अथास, म्हणजे पाणी मोजून प्यावं लागतं आणि लोखंडाचा तुकडा हीच श्रीमंती असं वाळवंटी जग. त्यांनी आपल्या कॅरेक्टर शीटचा, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाचा, फोटो पाठवलाय. खाली हाताने आखलेले पाण्याचे चौकोन, खेळातला दिवस सरला की पेन्सिलीने एकेक खोडायचा. त्यांचा प्रश्न असा : या जगाची पुस्तकं निघणं मधली कितीतरी वर्षं बंद होतं, तरी नवे नियम आम्हाला मिळाले कुठून? आणि जिथून मिळाले ती साइट उद्या बंद पडली तर?

हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने त्यासाठी एकावर एक जगं काढली. ‘स्पेलजॅमर’ 1989 मध्ये, ‘डार्क सन’ 1991 मध्ये, ‘प्लेनस्केप’ 1994 मध्ये, ‘बर्थराइट’ त्याच्या पुढच्या वर्षी. एका जगात रमलेला खेळाडू दुसऱ्याची पुस्तकं घेईना. गिऱ्हाईक वाटलं गेलं आणि कर्ज चढत गेलं. शेवटी 1997 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने कंपनीच विकत घेतली.

तोवर चाहते इंटरनेटवर पानंच्या पानं लिहू लागले होते. टीएसआरने 1994 मध्ये त्यांना बजावलं होतं, की आमच्या खेळावरचं लेखन ठरवून दिलेल्या एकाच सर्व्हरवर, आमच्या सूचनेसह ठेवायचं. लोक भयंकर चिडले. नव्या मालकांनी उलटी चाल केली. जी जगं आपण छापणार नाही, ती त्यांनी चाहत्यांच्याच स्वाधीन केली. अथाससाठी अथास.ऑर्ग, प्लेनस्केपसाठी प्लेनवॉकर, बर्थराइटसाठी बर्थराइट.नेट, अशी एकेका जगाला एकेक अधिकृत साइट मिळाली. या खेळाच्या इतिहासातला इतका शहाणा निर्णय मला दुसरा दिसत नाही.

कारण आधीची अवस्था पाहा. एकाच्या पानावर नकाशा, दुसऱ्याकडे राक्षसांची यादी, तिसऱ्याकडे अर्धवट नियम. एकच अधिकृत साइट झाल्यावर निवड करणं भाग पडलं, आणि खरं भांडण तिथेच होतं. ‘डार्क सन’च्या 1995 च्या सुधारित पुस्तकपेटीने कादंबऱ्यांतल्या घटना घेऊन अथासचा इतिहास पुढे नेला होता आणि अनेकांना तो मुळीच मान्य नव्हता. मूळ कुठलं धरायचं हे ठरल्याशिवाय एकही पान जागेवर लागत नाही. हा वाद पेलत अथासच्या मंडळींनी सगळं जग खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत बसवलं आणि फुकट वाटलं. कंपनीची अथासवरची नवी पुस्तकं थेट 2010 मध्ये आली. मधला सगळा काळ याच लोकांनी निभावला.

माझं मन मात्र याच खेळातल्या मिस्टारा या जगाच्या ‘व्हॉल्ट्स ऑफ पँडियस’ या साइटवर जडलंय. साधी, मजकुराची पानं. देश, माणसं, नियम अशी विभागणी आणि लेखाला लेखकाचं नाव. याच मंडळींनी 2013 पासून ‘थ्रेशोल्ड’ नावाचं नियतकालिक काढलं. त्याचा अख्खा अंक फाइल म्हणून उतरवून घेता येतो.

साइट बंद पडली तर काय, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे : साइट जाते, उतरवून घेतलेली फाइल राहते. लोकांची पानं फुकट ठेवणारं जिओसिटीज 2009 मध्ये गेलं. विझार्ड्सने स्वतःचे चर्चामंच 2015 मध्ये बंद केले. गुगल प्लस 2019 मध्ये मिटलं आणि जुन्या पद्धतीने खेळणाऱ्यांचा मोठा अड्डा मोडला. आपल्याकडे ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, तेव्हा मराठी गप्पांचे किती धागे गेले! युनिकोडच्या आधीची मराठी पानं तर उघडली तरी वाचता येत नाहीत, कारण त्यांचे फॉन्टच हाताशी नसतात. म्हणून 1996 च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेल्या मायबोली या मराठी साइटचं मला मोल वाटतं. नवी व्यवस्था आली तरी तिथलं ‘हितगुज’ हे जुनं चर्चादालन वाचायला राहिलं. स्थलांतरात जुना पत्ता जपणं हे निम्म्याहून अधिक काम असतं.

तेव्हा ताम्हिणीकरांनो, अथासच्या फाइली उतरवून ठेवा, नियमांची एक छापील प्रत मुक्कामाच्या घरीच राहू द्या. तुम्ही लिहिलेल्या मराठी मोहिमांवर नाव आणि तारीख घाला. त्या इतरांना देता येतील का, असंही तुम्ही विचारलंय. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम 27 जानेवारी 2023 ला क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले. श्रेय देऊन त्यांवर मराठीत काहीही रचा, विकलंत तरी चालेल. अथास त्या नियमांत येत नाही, त्यामुळे त्याच्यावरचं लेखन कंपनीच्या चाहत्यांसाठीच्या अटी पाळून, फुकटच वाटावं लागेल.