टेप कुठल्या विहिरीत सोडायची?

भूजल मोजणारी माणसं गावात आली की सगळ्यांची बोटं एकाच विहिरीकडे वळतात. "साहेब, ही बघा. भर उन्हाळ्यातही आटत नाही!" आणि साहेब नेमकी तीच सोडून पुढे जातात.

गैरसमज: भरपूर पाण्याची विहीर निरीक्षणाला उत्तम.
अशी विहीर बहुधा कालव्याच्या नाहीतर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला असते. तिची पातळी त्या तलावाचा हिशेब सांगते, परिसराचा नाही. निरीक्षणाला हवी चारचौघींसारखी विहीर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात अशा सुमारे ३,९०० विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे एकेका विहिरीच्या माथी जवळजवळ ८० चौरस किलोमीटर! पावसाळ्यानंतरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज बांधतात. त्यात कालव्याखालची विहीर धरली, तर वरच्या माळावरची तहान कागदावर दिसतच नाही.

गैरसमज: गावात एक विहीर मोजली की गावाचं पाणी कळलं.
पाणी शिवेचे दगड पाहून थांबत नाही. म्हणून जागा पाणलोट क्षेत्रावरून ठरते. माथ्यावरचं पाणी वाहून जातं, मधल्या उतारावर मुरतं, खाली साठतं. तिन्ही ठिकाणच्या विहिरी वेगळं बोलतात. त्यात राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा. एका शेतात मुरूम आणि मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र खडक, लागतो, बांधापलीकडे काळा पाषाण. खोल बोअर आणि उथळ विहीर यांची पातळीही एकच असेल असं नाही, म्हणून खोलवरच्या पाण्यासाठी पीझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजायच्या बोअर, वेगळ्या घेतात.

गैरसमज: पडीक विहीर सोयीची, उपशाची कटकट नाही.
हे अर्धंच खरं. मोटार चालू असताना घेतलेली पातळी फसवी, हे कबूल. पण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या विहिरीत गाळ साचतो, झरे बुजतात आणि आत उरतं ते डबकं. पडीक बोअरमध्ये पाणी ओतून पाहावं. पातळी पुन्हा जागेवर आली नाही, तर ती बोअर जिवंत नाही.

आणि एक सांगणं. तुमची विहीर निरीक्षणासाठी घेतलेली असेल, तर कठडा वाढवण्याआधी यंत्रणेला कळवा. मोजमाप कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून घेतात. न सांगता कठडा दोन फूट चढवला, की नोंदवहीत पाणी दोन फूट खाली जातं.