एकच पुस्तक, तीन नोंदी; ग्रंथालयाच्या संगणकात ठेवायची कोणती?

समजा, तुम्ही ग्रंथालयाच्या संगणकावर 'श्यामची आई' शोधले. 'सर्व प्रती बाहेर' असे दिसले आणि तुम्ही परत फिरलात. प्रत्यक्षात दोन प्रती कपाटातच होत्या, पण दुसऱ्या नोंदीखाली.

पहिल्या नोंदीत लेखक 'साने गुरुजी', दुसरीत 'साने, पांडुरंग सदाशिव', तिसरीत सगळेच रोमन लिपीत. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी पुस्तके.

एवढ्या नोंदी येतात कुठून?

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी 1960च्या दशकात 'मार्क' हा नोंदींचा साचा तयार केला. त्यामुळे एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी घेता येऊ लागली. काम वाचले, पण आयात केलेली नोंद आणि आधीची हाताने भरलेली नोंद शेजारी शेजारी राहू लागल्या.

आधी हे तपासा

दोन्ही नोंदी खरेच एकाच पुस्तकाच्या आहेत का? खरी मेख इथे आहे. आयएसबीएन 2007 पासून 10 ऐवजी 13 अंकी झाला, त्यामुळे क्रमांक वेगळा दिसला तरी पुस्तक एकच असू शकते. जुन्या पुस्तकांवर तो नसतोच. त्यात मराठीची खास गंमत: कुणी मुखपृष्ठामागचे 'शके 1857' हेच वर्ष म्हणून टाइप करतो, कुणी 1935. शिवाय आपल्याकडे साध्या पुनर्मुद्रणालाही 'आवृत्ती' म्हणायची सवय. अशा वेळी प्रकाशक आणि पानांची संख्या जुळवून पाहावी. शंका असेल तर नोंदी एकत्र करू नयेत. वेगळी आवृत्ती एकदा दुसरीत मिसळली, की शोधणाऱ्यासाठी ती नाहीशीच होते.

मग ठेवायची कोणती?

सर्वांत नवी किंवा जिच्याखाली जास्त प्रती आहेत ती, हे उत्तर चुकीचे. प्रती हलवता येतात. नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत, लेखकाचे ठरलेले एकच रूप, वर्ष, पाने, विषय हे सगळे जिच्यात आहे ती ठेवावी. मार्कमध्ये नोंद किती पूर्ण आहे हे सांगणारा एक कोडही असतो. तिथे '8' म्हणजे पुस्तक छापण्याआधीच केलेली नोंद, तर रिकामी जागा म्हणजे पूर्ण नोंद! (हे कुणाला सुचले असेल?) पण कोड भरणाराही माणूसच, त्यामुळे आंधळा विश्वास नको.

'कोहा' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मुख्य नोंद निवडून दुसरीतील उपयोगी रकान्यांवर खूण करता येते. मग प्रती मुख्य नोंदीखाली येतात आणि दुसरी नोंद जाते. 'वर्ल्डकॅट' या जागतिक तालिकेत गेलेल्या नोंदीचा क्रमांक 019 या रकान्यात जपतात, म्हणजे जुन्या क्रमांकानेही पुस्तक सापडते. तिथे नोंदी जोडण्याचे बरेच काम सॉफ्टवेअर आपोआप करते. जुन्या, दुर्मिळ पुस्तकांच्या नोंदी मात्र त्यातून वगळल्या आहेत.