विश्लेषण : पाचशे नकार, नऊ पडून राहिलेल्या कादंबऱ्या आणि किंडल... थरारकथा लेखक जो कॉनरॅथ यांनी प्रकाशनाचं गणित कसं उलटवलं?

एखाद्या लेखकाच्या नऊ कादंबऱ्या लिहून तयार आहेत, पण एकही छापायला कुणी तयार नाही. नकाराची पत्रं जवळपास ५००. अशा वेळी बहुतेक जण लिहिणं सोडून देतील. अमेरिकेतील शिकागो परिसरातील लेखक जे. ए. ऊर्फ जो कॉनरॅथ यांनी मात्र दहावी कादंबरी लिहिली आणि ती विकली गेली. गंमत म्हणजे, त्यांना पुढे खरी कमाई करून दिली ती आधी नाकारल्या गेलेल्या कादंबऱ्यांनीच. हे नेमकं कसं घडलं आणि मराठीत लिहिणाऱ्यांना त्यातून काय घेता येईल, ते समजून घेऊया.

कोण आहेत जो कॉनरॅथ?

१९७० साली जन्मलेले कॉनरॅथ थरारकथा आणि भयकथा लिहितात. त्यांची पहिली प्रकाशित कादंबरी 'व्हिस्की सावर' २००४ मध्ये 'हायपेरियन' या मोठ्या प्रकाशनाकडून आली. नायिका शिकागो पोलिसांतील लेफ्टनंट जॅकलिन ऊर्फ जॅक डॅनियल्स. वय चाळिशीपुढचं, रात्री झोप येत नाही आणि समोर एक विकृत मालिका खुनी. हाणामारी, रक्तपात आणि त्यातच पेरलेले विनोद ही या मालिकेची ओळख बनली. 'ब्लडी मेरी', 'रस्टी नेल', 'डर्टी मार्टिनी' अशी कॉकटेलची नावं घेऊन २००९ पर्यंत सहा पुस्तकं आली.

निव्वळ भयकथांसाठी त्यांनी जॅक किलबॉर्न हे टोपणनाव घेतलं. या नावाने २००९ मध्ये 'अफ्रेड' आली. विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावाजवळ हेलिकॉप्टर कोसळतं आणि त्यातून बाहेर पडलेले मारेकरी एका रात्रीत गाव उद्ध्वस्त करायला निघतात, असं तिचं कथानक आहे.

मग प्रकाशक सोडण्याची वेळ का आली?

या प्रश्नाचं उत्तर एका फाइलमध्ये दडलेलं आहे. विकल्या न गेलेल्या काही कादंबऱ्या कॉनरॅथ यांनी आपल्या संकेतस्थळावर वाचकांना मोफत दिल्या होत्या. किंडल २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलं. त्यानंतर, ही पुस्तकं किंडलवर वाचता येतील का, अशी विचारणा वाचकच करू लागले. २००९ मध्ये त्यांनी ती स्वतःच अॅमेझॉनवर चढवली. किंमत अगदी कमी ठेवली.

त्यातली एक होती 'ओरिजिन'. १९०६ मध्ये पनामा कालव्याचं खोदकाम सुरू असताना एक सैतानासारखा जीव सापडतो आणि अमेरिकी सरकार त्याला जमिनीखालच्या गुप्त केंद्रात दडवून ठेवतं, अशी तिची कल्पना. प्रकाशकांनी बाजूला ठेवलेल्या अशा कथांना वाचक पैसे मोजू लागले.

दुसरा टप्पा 'ट्रॅप्ड'चा. 'अफ्रेड'च्या प्रकाशकाने ही पुढची कादंबरी स्वीकारली नाही. कॉनरॅथ यांनी ती आणि 'एंड्युरन्स' या दोन्ही भयकथा २०१० मध्ये स्वतः प्रसिद्ध केल्या.

गणित नेमकं काय?

३० जून २०१० पासून अॅमेझॉनने नवा नियम लागू केला. २.९९ ते ९.९९ डॉलर किंमत असलेल्या ई-पुस्तकावर लेखकाला ७० टक्के मानधन. त्याआधी हा वाटा ३५ टक्के होता.

आता हिशोब पाहा.

- प्रकाशकामार्फत : ई-पुस्तकाची किंमत ९.९९ डॉलर धरू. प्रकाशकाच्या हाती साधारण ७ डॉलर येतात. त्यातले २५ टक्के, म्हणजे सुमारे १.७५ डॉलर लेखकाचे. एजंटचे १५ टक्के वजा केले की उरतात साधारण १.४९ डॉलर.
- स्वतः प्रकाशित केल्यास : किंमत २.९९ डॉलर. लेखकाला सुमारे २.०९ डॉलर. त्यातून फाइल पाठवण्याचा किरकोळ खर्च तेवढा वजा होतो.

म्हणजे वाचकाचे ७ डॉलर वाचले आणि लेखकाच्या हातात जास्त पैसे आले. शिवाय किंमत ठरवण्याचा अधिकार लेखकाकडे आला. मुखपृष्ठ, संपादन आणि मांडणीचा खर्च मात्र त्याच्याच खिशातून. कॉनरॅथ हे आकडे आपल्या ब्लॉगवर उघडपणे मांडत राहिले. त्यामुळे ते लेखकाच्या जोडीने एका चळवळीचा आवाजही बनले.

लिहिण्याची पद्धतही बदलली?

हो. छापील पुस्तकाची पानं आणि प्रकाशकाचं वेळापत्रक या दोन्ही अटी गेल्यावर प्रयोग करणं सोपं झालं. २००९ मध्ये ब्लेक क्राउच यांच्यासोबत त्यांनी 'सीरियल' ही छोटी भयकथा लिहिली. वाटेत लिफ्ट मागणाऱ्यांना मारणारा चालक एकाने रंगवला, लिफ्ट देणाऱ्यांना मारणारा प्रवासी दुसऱ्याने. शेवटी या दोघांना एकाच गाडीत बसवलं. ही कथा मोफत दिली गेली आणि तिने दोघांनाही नवे वाचक मिळवून दिले. हेच क्राउच पुढे 'वेवर्ड पाइन्स'मुळे जगभर पोहोचले. २०१० मध्ये चार लेखकांनी मिळून लिहिलेली 'ड्रॅक्युलाज' आली. रुग्णालयात पसरत जाणारी रक्तपिपासूंची साथ हा तिचा विषय.

सगळ्यांना हा मार्ग पटला का?

नाही. मार्च २०११ मधल्या दोन बातम्या या वादाच्या दोन्ही बाजू दाखवतात. थरारकथा लेखक बॅरी आयस्लर यांनी सेंट मार्टिन्स प्रेसचा पाच लाख डॉलरचा करार नाकारला. त्याच महिन्यात, स्वतः ई-पुस्तकं काढून प्रसिद्ध झालेल्या अमांडा हॉकिंग यांनी त्याच प्रकाशनाशी सुमारे २० लाख डॉलरचा करार केला. छपाई, वितरण, मुखपृष्ठ हे सगळं सांभाळण्यापेक्षा हॉकिंग यांना लिहायला वेळ हवा होता.

कॉनरॅथ यांच्या यशाला काही मर्यादाही आहेत. स्वतंत्र होण्याआधी त्यांच्या नावावर मोठ्या प्रकाशनाची सहा पुस्तकं होती. पुस्तकांच्या दुकानांत आणि ग्रंथालयांत त्यांचं नाव पोहोचलेलं होतं. नशिबाचा वाटा मोठा असतो, हे ते स्वतःही मान्य करतात. शिवाय 'स्वतंत्र' म्हणवणारा लेखक एकाच कंपनीवर अवलंबून राहतो. कॉनरॅथ यांनी पुढे अॅमेझॉनच्याच प्रकाशन विभागाकडे पुस्तकं दिली, आयस्लर यांनीही तेच केलं. सदस्यता योजनेत २०१५ पासून लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशोबाने पैसे मिळतात. असे नियम कंपनी ठरवते, लेखक नाही.

मराठी लेखकांसाठी यात काय?

भय आणि रहस्य मराठीला नवं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा वाचनालयांतून पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरल्या. २०१८ मध्ये आलेल्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा होती. किंडलवर मराठीची अधिकृत सोय डिसेंबर २०१६ मध्ये झाली. मात्र भारतातील विक्रीवर ७० टक्के वाटा हवा असेल, तर ते ई-पुस्तक ९० दिवसांच्या टप्प्यांनी फक्त अॅमेझॉनलाच द्यावं लागतं. अन्यथा ३५ टक्के.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा कराराचा. 'ट्रॅप्ड' नाकारली गेली तरी ती कॉनरॅथ यांना विकता आली, कारण तिचे हक्क त्यांच्याकडेच होते. भारतीय कॉपीराइट कायद्यातही लेखकाच्या बाजूने काही तरतुदी आहेत. कलम १९ नुसार करारात मुदत लिहिलेली नसेल, तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं मानलं जातं. प्रदेश लिहिलेला नसेल, तर हक्क भारतापुरतेच. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात वापरलेच नाहीत, तर ते संपुष्टात येतात. पण करारात वेगळं काही लिहिलं असेल, तर तेच लागू होतं.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा : मुदत किती, ई-पुस्तक आणि ऑडिओचे हक्क वेगळे नोंदवलेत का आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत कधी येणार. आणि नाकारलेलं हस्तलिखित रद्दीत टाकू नका.