लेखकाचे वाचन आणि विक्रेत्याची शिफारस : ओदेऑन रस्त्यावरील दोन पुस्तकदुकानांच्या अनुषंगाने

प्रास्ताविक

ग्रंथव्यवहाराची चर्चा करताना लेखक, प्रकाशक आणि वाचक या तीन घटकांवर पुष्कळ लिहिले जाते. चौथा घटक जो विक्रेता, तो मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. छापील किमतीवरील कमिशनवर जगणारा व्यापारी एवढीच त्याची ओळख गृहीत धरली जाते. कोणत्याही मोठ्या साखळीचा भाग नसलेले, कोणती पुस्तके मांडायची हे मालकाने स्वतः ठरविलेले दुकान म्हणजे स्वतंत्र पुस्तकदुकान होय. अशा दुकानांत लेखकांची वाचने होतात, वाचकांशी त्यांचा संवाद घडतो, नव्या पुस्तकांची तोंडी वा लेखी शिफारस केली जाते. हे उपक्रम म्हणजे विक्री वाढविण्याची जाहिरात, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. या उपक्रमांना वेळ, जागा आणि पैसा लागतो, आणि त्यांतून निर्माण होणारी मागणी त्याच दुकानाच्या गल्ल्यात येईल याची शाश्वती नसते. हा खर्च कोण सोसतो, या प्रश्नाच्या उत्तरावर शिफारशीचा प्रामाणिकपणा आणि दुकानाचे आयुष्य अशा दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पॅरिसमधील दोन दुकानांच्या आधारे करावयाचा आहे.

ग्रंथमित्रांचे घर

अ‍ॅड्रिएन मॉनिए यांनी १५ नोव्हेंबर १९१५ रोजी पॅरिसच्या ओदेऑन रस्त्यावर सात क्रमांकाच्या इमारतीत आपले दुकान उघडले. त्यांचे वडील रेल्वेच्या टपालडब्यात पत्रांची वर्गवारी करणारे कर्मचारी होते. १९१३ मध्ये रेल्वे अपघातात जखमी झाल्यावर मिळालेली भरपाईची रक्कम त्यांनी मुलीच्या हाती दिली. पहिले महायुद्ध चालू होते, अनेक दुकानदार आघाडीवर गेले होते, त्यामुळे जागा मिळणे सोपे झाले होते. दुकानाचे फ्रेंच नाव पुढे स्थिर झाले, त्याचा अर्थ ‘ग्रंथमित्रांचे घर’ असा होतो.

या दुकानाचे वैशिष्ट्य असे की, तेथे विक्रीबरोबर वर्गणीदारांना पुस्तके घरी वाचावयास दिली जात. वाचकाला पुस्तकाचा परिचय झालेला नसताना त्याने ते विकत घ्यावे, ही अपेक्षाच मॉनिए यांना विचित्र वाटे. आधी वाचावे, आवडल्यास संग्रही ठेवण्यासाठी विकत घ्यावे, हा त्यांचा क्रम होता. या क्रमामुळे शिफारशीचे स्वरूपच पालटते. पुस्तक खपविण्यासाठी स्तुती करणाऱ्या विक्रेत्याची चूक त्याच दिवशी उघडकीस येत नाही. वाचनासाठी पुस्तक देणाऱ्याची चूक मात्र आठवड्याभरात परत येऊन टेबलावर पडते. वर्गणीदाराने काय नेले, काय लवकर परत केले, काय पुन्हा मागितले, यावरून विक्रेत्याला वाचकाची रुची कळत जाते. पुढच्या वेळी ‘हे पाहा’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला या ओळखीतून मिळतो.

वाचनाच्या बैठका याच ओळखीच्या विस्तार होत्या. व्हॅलेरी, जीद, क्लोदेल, फार्ग, झ्यूल रोमँ अशा लेखकांचा तेथे राबता होता. १९१९ च्या मार्चमध्ये एरिक साती यांची ‘सोक्रात’ ही संगीतरचना या दुकानात सादर झाली. त्या लहानशा खोलीत जमलेल्या मंडळींपैकी बरीच आधीपासून परस्परांना वाचक म्हणून ओळखत होती. सभागृहातील व्याख्यान आणि दुकानातील वाचन यांतील भेद येथे स्पष्ट होतो. सभागृहात श्रोता वक्त्यासाठी येतो. दुकानात तो विक्रेत्याच्या निवडीवर विश्वास ठेवून, कदाचित नाव न ऐकलेल्या लेखकासाठीही येतो.

सिल्व्हिया बीच आणि ‘युलिसिस’

मॉनिए यांच्या प्रेरणेने अमेरिकन तरुणी सिल्व्हिया बीच यांनी १९ नोव्हेंबर १९१९ रोजी जवळच्याच द्युपुइत्रँ रस्त्यावर, पूर्वीच्या धुलाईखान्याच्या जागेत, ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे इंग्रजी पुस्तकांचे दुकान सुरू केले. न्यूयॉर्कमध्ये फ्रेंच पुस्तकांचे दुकान काढावे असा त्यांचा मूळ विचार होता. तेथील खर्च झेपणारा नव्हता. आईने पाठविलेले तीन हजार डॉलर हे भांडवल. १९२१ मध्ये दुकान ओदेऑन रस्त्यावर बारा क्रमांकात, मॉनिए यांच्या दुकानासमोर आले. येथेही वर्गणीचे वाचनालय होते. वर्गणीदारासाठी असलेल्या फ्रेंच शब्दाच्या उच्चारावरून घरच्या मंडळींनी त्यांना गमतीने ‘बनी’ म्हणजे ससे असे नाव पाडले होते. सूची तयार करण्याच्या भानगडीत बीच कधी पडल्या नाहीत, तथापि वर्गणीदारांची कार्डे मात्र त्यांनी ठेवली. ती आज प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात असून त्यांवरून कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले याचा अभ्यास करता येतो. १९२१ च्या अखेरीस पॅरिसमध्ये नुकतेच आलेले हेमिंग्वे या दुकानात गेले तेव्हा त्यांच्याजवळ अनामत भरण्याएवढे पैसे नव्हते. ती नंतर द्यावी असे सांगून बीच यांनी त्यांना तुर्गेनेव्ह, लॉरेन्स, टॉलस्टॉय आणि दस्तयेव्हस्की यांची पुस्तके नेऊ दिली. ही उधारी एका भावी कादंबरीकाराच्या घडणीत किती उपयोगी पडली, हे त्याच्या वाचनाची दिशा पाहिली तरी लक्षात येते.

जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’चे प्रकरण साहित्याच्या इतिहासात प्रकाशनाची कथा म्हणून सांगितले जाते. वस्तुतः ती शिफारशीचीही कथा आहे. अमेरिकेत कादंबरीचे अंश छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादिकांना १९२१ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने दोषी ठरविले, त्यामुळे इंग्रजीभाषक देशांत प्रकाशक मिळणे दुरापास्त झाले. बीच यांनी पुस्तक स्वतः काढण्याचे ठरविले आणि आगाऊ मागणीची पत्रके छापली. एक हजार प्रतींपैकी लेखकाच्या स्वाक्षरीच्या १०० प्रतींची किंमत ३५० फ्रँक, चांगल्या कागदावरील १५० प्रतींची २५० फ्रँक आणि उरलेल्या ७५० प्रतींची १५० फ्रँक होती. न पाहिलेल्या, अपुऱ्या, न्यायालयात बदनाम झालेल्या ग्रंथासाठी वाचकांनी नावे नोंदवावी अशी ही मागणी होती. जीद आणि येट्स यांनी ती मान्य केली. बर्नार्ड शॉ यांनी पत्राने नकार कळविला.

अशा परिस्थितीत ७ डिसेंबर १९२१ रोजी मॉनिए यांच्या दुकानात फ्रेंच लेखक व्हॅलेरी लार्बो यांचे ‘युलिसिस’वर व्याख्यान झाले. त्यास निवडक उताऱ्यांच्या वाचनाची जोड होती. सुमारे अडीचशे माणसे दाटीवाटीने बसली होती. काही भाग नेहमीपेक्षा धीट असल्याची पूर्वसूचना निमंत्रणातच दिली होती, हे विशेष. जॉइस स्वतः मागच्या बाजूस पडद्याआड होते. आजच्या लेखकभेटीत लेखक मध्यभागी असतो आणि पुस्तक त्याच्या हातात असते; येथे लेखक दिसत नव्हता आणि पुस्तक अजून छापून व्हावयाचे होते. मध्यभागी होते ते एका जाणत्या वाचकाचे विवेचन. अवघड साहित्यकृतीला असा मध्यस्थ लागतो, आणि त्याला बोलावण्याची जाण दोन दुकानदार स्त्रियांनी दाखविली. २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइस यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, ग्रंथाच्या पहिल्या प्रती हाती आल्या.

या धाडसाचा आर्थिक लाभ मात्र बीच यांना झाला नाही. १९३३ मध्ये अमेरिकन न्यायालयाने पुस्तक मोकळे केले, १९३४ मध्ये रँडम हाउसने तेथे आवृत्ती काढली. तिच्यातून बीच यांना काहीही मिळाले नाही. मॉनिए यांचीही गत फारशी निराळी नव्हती. त्यांनी १९२५ मध्ये ‘चांदीचे जहाज’ या अर्थाच्या नावाचे मासिक काढले. एलियट यांच्या ‘प्रुफ्रॉक’चा बीच व मॉनिए यांनी मिळून केलेला फ्रेंच अनुवाद त्यात आला. बारा अंकांनंतर मासिक थांबले आणि देणी भागविण्यासाठी मॉनिए यांना स्वतःचा ग्रंथसंग्रह विकावा लागला.

वर्गणीवर चाललेली वाचने

मंदीच्या काळात अमेरिकन मंडळी पॅरिस सोडून गेली आणि बीच यांचे दुकान बंद होण्याच्या बेतात आले. तेव्हा जीद यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनीचे मित्र’ असे मंडळ स्थापन झाले. सभासदाने दोन वर्षे दरसाल २०० फ्रँक द्यावयाचे आणि त्या मोबदल्यात अप्रकाशित लेखनाची वाचने ऐकावयाची. दुकानात अधिक माणसे मावत नसल्यामुळे सभासदसंख्येवर २०० ची मर्यादा घातली होती. जीद, व्हॅलेरी, मोर्वा, पोलाँ आदींनी वाचने केली. एलियट लंडनहून आले. सार्वजनिक वाचन न करण्याचा नियम हेमिंग्वे यांनी १९३७ मध्ये मोडला, तोही स्टीफन स्पेंडर सोबत वाचणार असतील तर, या अटीवर.

येथे एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. वाचनासाठी दिलेला पैसा पुस्तकाच्या विक्रीवर अवलंबून नव्हता. तो दुकान टिकावे यासाठी होता. ज्यांना बीच यांनी पूर्वी पुस्तके सुचविली होती, त्या वाचक-लेखकांनी त्या शिफारशींची किंमत उशिरा का होईना चुकती केली. हे दुकान पुढे १९४१ च्या डिसेंबरात बंद झाले ते तोट्यामुळे नव्हे. दर्शनी खिडकीतील ‘फिनेगन्स वेक’ची एकुलती प्रत जर्मन अधिकाऱ्यास विकण्याचे बीच यांनी नाकारले. माल जप्त करण्याची धमकी मिळताच काही तासांत सारी पुस्तके वरच्या मजल्यावर हलविण्यात आली आणि पाटीवरील नाव रंगाने पुसून टाकले गेले. आज त्याच नावाचे जे दुकान पॅरिसमध्ये आहे ते वेगळे. ते जॉर्ज व्हिटमन यांनी १९५१ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू केले आणि १९६४ मध्ये त्याला हे नाव दिले.

शिफारस, सवलत आणि कायदा

दोन्ही दुकानांनी वर्गणीतून जे साधले ते पुढील काळात सर्वांनाच साधणारे नव्हते. दुकानात जाऊन पुस्तक चाळावे, विक्रेत्याचा सल्ला घ्यावा, आणि खरेदी जेथे स्वस्त पडेल तेथे करावी, अशी वाचकाची प्रवृत्ती असते व ती अनैतिक म्हणता येत नाही. परिणामतः सल्ला देणारा खर्च करतो आणि सवलत देणारा त्या खर्चाचे फळ घेतो. फ्रान्सने यावर कायद्याने उपाय योजला. सांस्कृतिक मंत्री झाक लाँग यांच्या नावाने ओळखला जाणारा १० ऑगस्ट १९८१ चा कायदा १ जानेवारी १९८२ पासून लागू झाला. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवितो आणि कोणत्याही विक्रेत्याला पाच टक्क्यांहून अधिक सवलत देता येत नाही. याहून महत्त्वाची, परंतु कमी चर्चिली जाणारी तरतूद अशी की, प्रकाशकाने विक्रेत्याला कमिशन देताना केवळ प्रतींच्या संख्येपेक्षा सेवेच्या गुणवत्तेला अधिक वजन द्यावे. लेखकभेटी घडविणारे लहान दुकान या तरतुदीमुळे प्रकाशकाशी बोलणी करू शकते.

ब्रिटनमध्ये उलट घडले. १९०० पासून चालत आलेला निव्वळ किमतीचा करार १९९५ मध्ये कोसळला आणि १९९७ मध्ये न्यायालयाने तो लोकहितविरोधी ठरविला. त्यानंतरच्या दोन दशकांत स्वतंत्र दुकानांची संख्या निम्म्याहून खाली आली. कारण केवळ हेच होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण याच काळात ऑनलाइन विक्रीही वाढली. साखळी दुकानांत तर शिफारसच विकली जात होती : दर्शनी टेबलावरील जागेसाठी प्रकाशक पैसे मोजत. लंडनमध्ये १९९० मध्ये स्वतःचे स्वतंत्र दुकान काढणारे जेम्स डाँट २०११ मध्ये वॉटरस्टोन्स या साखळीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी ही पद्धत बंद केली आणि निवड त्या त्या शाखेतील कर्मचाऱ्यांवर सोपविली. पैसे घेऊन मांडलेले पुस्तक आणि विक्रेत्याने वाचून मांडलेले पुस्तक यांत वाचक भेद करतो, हे एका मोठ्या व्यापारी संस्थेनेही मान्य केले, असा याचा अर्थ होतो.

भारतात असा कायदा नाही. मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे उदाहरण म्हणूनच विचारात घेण्यासारखे आहे. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या या दुकानाने सवलत आणि जाणकार शिफारस या दोहोंची सांगड घातली. २००३ मध्ये शानभाग यांना पद्मश्री मिळाली. सवलत हे जोवर त्यांचे स्वतःचे शस्त्र होते तोवर ही सांगड चालली. त्याहून मोठी सवलत ऑनलाइन विक्रेते देऊ लागल्यावर केवळ शिफारशीच्या बळावर दुकान चालविणे कठीण झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते बंद झाले. मराठीत मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी निराळा मार्ग काढला : १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘ललित’ मासिकातून नव्या पुस्तकांची वार्ता दुकानाच्या उंबरठ्यापलीकडे, गावोगावच्या वाचकांपर्यंत गेली.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यात एक तपशील लक्षणीय आहे. फ्रान्समध्ये १८ जून २००३ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था यांना पुस्तकांवर मिळणारी सवलत जास्तीत जास्त नऊ टक्के ठरविण्यात आली. शिवाय सार्वजनिक ग्रंथालयांना पुरविलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या सहा टक्के रक्कम पुरवठादाराने लेखक-प्रकाशकांच्या मानधनासाठी भरावी लागते. हेतू असा की, गावातील ग्रंथालयाची मागणी गावातील दुकानाला नोंदविता यावी. आपल्याकडे महाविद्यालयीन ग्रंथालयाची खरेदी बहुधा तुलनात्मक दरपत्रकांवर होते आणि अधिक टक्के सवलत देणाऱ्याचे दरपत्रक मंजूर होते. विभागात येऊन नवी पुस्तके दाखविणारा, प्राध्यापकांच्या विषयांची आठवण ठेवणारा, लेखकाला महाविद्यालयात आणण्यास मदत करणारा विक्रेता त्याच दरपत्रकांच्या रांगेत उभा असतो, आणि त्या तक्त्यात या कामासाठी रकाना नसतो.