कोलारचं वय ग्रॅनाइटला विचारा

केजीएफ म्हटलं की हल्ली सिनेमाच आठवतो. खऱ्या कोलार गोल्ड फील्ड्सला जायचं तर बेंगळुरूहून पूर्वेकडे शंभरेक किलोमीटर अंतर आहे. बंगारपेठला रेल्वेचा फाटा फुटतो आणि ऊरगाम, चॅम्पियन करत मारीकुप्पमला संपतो. सोनं निघालं म्हणून हे रूळ इथवर आले. आता गाडीत बहुतेक बेंगळुरूला नोकरीसाठी रोज ये-जा करणारी माणसं असतात. कर्नाटकातलं गाव असूनही कानावर तमिळ जास्त पडतं, कारण खाणकामगार प्रामुख्याने तमिळ मुलखातून आले.

गावाभोवती राखाडी, सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात. त्या निसर्गाच्या नव्हेत. खडक कुटून, सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेला हा गाळ आहे. वारा सुटला की त्याची धूळ घरांत शिरते.

मायकेल लॅव्हेल या आयरिश माणसाने 1873 मध्ये इथे खोदायचा परवाना मागितला. 1880 मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी उतरली आणि 1902 मध्ये शिवनसमुद्राची वीज खाणीपर्यंत पोचली. चॅम्पियन रीफ ही इथली खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली. तिथे खडकच इतका तापलेला असे की थंड हवा खाली सोडल्याशिवाय काम होत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने या खोलीचा वेगळाच उपयोग केला. 1965 मध्ये वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो इथल्या खडकाखाली सापडले. सुमारे आठशे टन सोनं देऊन 28 फेब्रुवारी 2001 रोजी खाण बंद झाली.

हा इतिहास झाला सव्वाशे वर्षांचा. खडकांचा मोजायचा तर हिशेब कोटींत करावा लागतो.

सोनं सापडतं ते एका अरुंद काळसर पट्ट्यात. हा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे 80 किलोमीटर लांब, पण रुंदीला जेमतेम तीन-चार किलोमीटर. मुळातला हा ज्वालामुखीचा बेसाल्ट. दाब आणि उष्णतेने त्याचा अँफिबोलाइट झाला. त्यात घुसलेल्या गारगोटीच्या शिरांत सोनं आहे. दोन्ही बाजूंना फिकट रंगाचे ग्रॅनाइट आणि पट्टेदार नाइस पसरलेत. पाहुणा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. माझ्या मते चूक होते ती इथेच.

सोन्यात वय मोजता येईल असं काही नसतं. ग्रॅनाइटमध्ये असतं. त्यातला झिरकॉन हा बारीक स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. पुढे युरेनियमचं शिसं होत राहतं. युरेनियम-238 निम्मं व्हायला 447 कोटी वर्षं लागतात. म्हणजे आज आत जे शिसं आहे ते बहुतेक सगळं नंतरचं, आणि त्यावरून वय निघतं.

क्रॉगस्टॅड, हॅन्सन आणि आपल्याकडचे व्ही. राजमणी यांनी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे खडक असे मोजले, 1991 मध्ये निष्कर्ष छापले. पश्चिमेचा डोड नाइस सुमारे 263 कोटी वर्षांचा, तिथलाच पटना ग्रॅनाइट 255 कोटींचा, पूर्वेचा कंभा नाइस 253 कोटींचा. आकड्यांपेक्षा रसायन बोलकं आहे. पश्चिमेच्या खडकांत तीनशे कोटींहून जुन्या भूकवचाच्या खुणा आहेत. पूर्वेकडे जुन्या कवचाचा मागमूस नाही. तो माल थेट कवचाखालच्या प्रावरणातून आलेला वाटतो. शिसं आणि निओडायमियमची समस्थानिकंही दोन्हीकडे निराळी. थोडक्यात, हे दोन वेगळे भूखंड, आणि काळा पट्टा म्हणजे त्यांच्यामधली शिवण. हे तुकडे एकमेकांवर दाबले गेले, खडक घासला-फाटला, त्या फटींतून गरम पाणी वर आलं आणि गारगोटीबरोबर सोनंही मागे ठेवून गेलं. सोनं या दाबाच्या काळातलं मानलं, तर त्याचा हिशेब दोन्हीकडच्या ग्रॅनाइटच्या वयावरूनच लावावा लागतो.

मग सोनं ग्रॅनाइटनेच आणलं का? यावर भूशास्त्रज्ञांत एकमत नाही. काहींना वितळलेल्या ग्रॅनाइटमधून सुटलेलं पाणी महत्त्वाचं वाटतं, काहींना खोलवर भाजल्या जाणाऱ्या बेसाल्टमधून निघालेलं. मला दुसरी बाजू जड वाटते. कोलारच्या मुख्य शिरा अँफिबोलाइटमध्ये आहेत, ग्रॅनाइटमध्ये नाहीत. शिवाय कर्नाटकातला सगळ्यात मोठा क्लोजपेट ग्रॅनाइट सुमारे 251 कोटी वर्षांचा, म्हणजे जवळपास त्याच काळातला, आणि शेकडो किलोमीटर लांब. ‘शोले’तली रामनगरची टेकाडं त्याचीच. त्याच्या पोटात कोलारसारखी एकही खाण नाही.

वयाच्या मोजणीने जुन्या समजुतीही उलटल्या. म्हैसूर संस्थानाच्या भूगर्भ खात्याचे प्रमुख डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी पट्ट्याच्या पूर्वेकडच्या चॅम्पियन नाइसला राज्यातला सगळ्यात जुना ग्रॅनाइट ठरवलं होतं. झिरकॉनने त्याचं वय सुमारे 254 कोटी सांगितलं. पश्चिमेचा डोड नाइस त्याच्याहून नऊ कोटींनी थोरला निघाला.

खाणीत आता उतरता येत नाही, आणि त्यासाठी हळहळत बसायचं कारणही नाही. जवळच पेद्दपल्लीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेला खडक उघड्यावर आहे. ज्वालामुखीच्या राखेच्या त्या दगडात ग्रॅनाइट आणि नाइसचे तुकडे अडकलेले दिसतात. राख पडली तेव्हा ते तुकडे आधीच तयार असले पाहिजेत, एवढं तर प्रयोगशाळेशिवायही कळतं.