बुद्धिबळाच्या सोंगट्यांची घडण

स्पर्धांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्टाँटन पद्धतीच्या सोंगट्यांचा आराखडा १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध झाला. भारतात अमृतसर हे त्यांच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र आहे. पूर्ण वाळलेले लाकूड लेथवर फिरवून कारागीर पटाशीने राजा, वजीर, उंट, हत्ती व प्यादी यांचे मूळ आकार कातून काढतात. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या शिफारशीनुसार राजाची उंची सुमारे ९५ मिलिमीटर व बैठकीचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के असावा. रुंद बैठकीमुळे सोंगटी सहसा कलंडत नाही. घोड्याची मात्र केवळ बैठकच लेथवर होते. त्याचे मुख गोल नसल्याने ते निराळे कोरावे लागते. उत्तम संचाचे मोल म्हणूनच घोड्याच्या कोरीवकामावरून जोखले जाते. लेथ चालविण्याबरोबरच हे हस्तकौशल्यही नव्या कारागिरांना शिकविणे अगत्याचे आहे.